ईटकर – दोन जागा

माणसानं सगळं आयुष्य सरळ रेषेत काढावं आणि हुशारी करायची ती एकदाच, तीही सख्ख्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी, हे विष्णुपंत ईटकरांच्याच नशिबात लिहिलेलं होतं.

गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची. निजामी जाऊन दहा वर्षं होत आली होती, पण उस्मानाबादच्या कलेक्टर कचेरीतले निम्मे कागद अजून उर्दूतच होते. ते वाचता येणारी जी दोन-तीन माणसं उरली होती, त्यांत अव्वल कारकून विष्णुपंत एक. त्यामुळं आपण रजेवर गेलो तर जिल्हा बंद पडेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. (कलेक्टरसाहेबांची तशी समजूत नव्हती, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.)

विष्णुपंतांची धाकटी बहीण सरोजिनी मुरूमला दिलेली. तिचे यजमान नारायणराव तिथल्या शाळेत मास्तर. त्यांच्या शामलीचं लग्न वैशाखात ठरलं. मुलगा सोलापूरचा. मुहूर्त दुपारी बारा वाजून एकेचाळीस मिनिटांचा. शामलीला मामा एकच, तो म्हणजे विष्णुपंत. गौरीहरापाशी बसलेल्या नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामानं, अंतरपाटाआड तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानंच. "दादा, तू आला नाहीस तर माझी शामली गौरीहरापाशीच बसून राहील रे," असं सरोजिनीनं पत्रात लिहिलं होतं.

"चार दिवस आधी जाऊ या," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"जमाबंदी चालू आहे."

"मग आदल्या दिवशी तरी. चारची थेट मुरूमची मोटार आहे."

"ती मोटार म्हणजे मोटार आहे का? जळकोटला ड्रायव्हर जेवतो, मग झोपतो, मग उठून चहा पितो. अर्धी रजा फुकट जाते माझी."

"भाचीचं लग्न आहे, अर्ध्या रजेचं काय घेऊन बसलात?"

पण विष्णुपंत तोवर बालाघाट मोटार सर्व्हिसच्या स्टँडवर पोचले होते.

तिथला बुकिंग एजंट गुंडप्पा एकदा कुण्या शेटजींना पोचवायला हैदराबादच्या विमानतळावर गेला होता. विमानात तो बसला नव्हता. पण बसणारी माणसं त्यानं जवळून पाहिली होती, आणि तेव्हापासून तो मोटारींविषयी फार वेगळं बोलायला लागला होता.

"साहेब, आदल्या दिवशी जाऊन काय करणार? लग्नघरात निजायला जागा नसतीया. लग्नादिवशी सकाळी सातची पकडा. आठाला दहा कमी असताना तुळजापूर. बरोबर आठाला आमचीच उमरग्याची मोटार. सव्वादहाला येणेगूरला उतरा, तिथं मुरूमची मोटार उभीच. अकराला तुम्ही मांडवात! याला कनेक्शन म्हणत्यात."

"कनेक्शन?"

"विमानात असंच असतंय. माणूस एका विमानातनं उतरतो अन् दुसऱ्यात चढतो. मधी दहा मिन्टं. एकच तिकीट, शेवटपर्यंत. पुढल्या मोटारीत तुमची जागा आधीच लिहून ठेवलेली."

"आणि पुढची मोटार चुकली तर?"

"चुकंल कशी? दोन्ही मोटारी आमच्याच की!"

या युक्तिवादाला कुठंतरी भोक आहे असं विष्णुपंतांना वाटलं. पण तेवढ्यात गुंडप्पानं चार्ट नावाचा एक लांबलचक कागद काढला आणि त्यांच्यादेखत त्यावर ठळक लिहिलं : 'ईटकर – २'. सरकारी माणसाला कागदावर नाव चढलं की काम झाल्यासारखंच वाटतं. विष्णुपंत घरी आले ते शीळ घालत.

लग्नादिवशी सातची मोटार सात वीसला निघाली. ड्रायव्हरला अमुकच हॉटेलातला चहा लागायचा आणि ते हॉटेल उशिरा उघडलं. ट्रंक टपावर चढली. तिच्यात विष्णुपंतांचा काळा कोट, जरीकाठी धोतर आणि फेटा होता. (प्रवासात धुळीनं खराब होतील म्हणून ते मुरूमला पोचल्यावर घालायचं ठरलं होतं. हीदेखील विष्णुपंतांचीच हुशारी.)

तुळजापूरला मोटार पोचली तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. पण उमरग्याची मोटार समोर उभी होती, घरघरत, धूर सोडत. विष्णुपंतांनी हमालाकरवी ट्रंक पलीकडच्या टपावर चढवली आणि बायकोला घेऊन दाराशी गेले. तो आत तीळ ठेवायला जागा नव्हती. मंगळवार, त्यात लग्नसराई. अर्धी मोटार देवीच्या दर्शनाहून परतणाऱ्यांची आणि अर्धी वऱ्हाडांची.

"ईटकर, दोन," विष्णुपंत रुबाबात म्हणाले.

कंडक्टर शरणबसप्पानं कागद बघितला. "ईटकर दोन कवाच बसले."

"कसे बसले? मी इथं उभा आहे!"

शरणबसप्पानं बोट दाखवलं. तिसऱ्या बाकावर गुलाबी पटक्याचा एक शेतकरी बसला होता आणि त्याच्याजवळ कपाळभर मळवट भरलेली त्याची बायको, मांडीवर प्रसादाचं गाठोडं घेऊन.

"अहो, उठा," विष्णुपंत खिडकीतून म्हणाले. "ही आमची जागा आहे."

"तुमची कशी?" शेतकरी शांतपणं म्हणाला. "कंडक्टर मास्तरनं कागुद वाचला, ईटकर दोन. म्या म्हनलं, व्हय. आमी दोगं ईटचंच. म्या बलभीम, ही तुळजाबाई. मुरूमला पावण्याकडं निगालोय."

"ईटकर हे माझं आडनाव आहे!"

"असंल की. पर आमचं गावच हाय."

"अहो, चार्टावर नाव लिहितात, गाव लिहीत नाहीत!"

"मंग तुमीबी ईटचंच की!" बलभीमचा चेहरा उजळला. गाववाला भेटल्याचा त्याला खरोखरच आनंद झाला होता. "कुठं आलं तुमचं घर? मारुतीम्होरल्या लिंबापसून डावीकडं का उजवीकडं?"

विष्णुपंतांच्या पणजोबांनी ईट सोडलं त्याला ऐंशी वर्षं झाली असतील. स्वतः विष्णुपंतांनी ईट कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. पण सगळी मोटार आता त्यांच्याकडं बघत होती.

"डावीकडं," त्यांनी ठोकून दिलं.

बलभीम हळहळला. "डावीकडं तर हीर हाय, साहेब."

मोटार खदखदून हसली. विहिरीत राहणाऱ्या माणसाला कुणी जागा द्यावी? शरणबसप्पानं घंटीच्या दोरीला हात घातला.

तेवढ्यात तुळजाबाई म्हणाली, "बाईमानसाला कशापायी उन्हात उभं करता? या बाई, माज्याजवळ सरकून बसा."

"एक बाई चालंल," शरणबसप्पा म्हणाला. "गडीमानूस न्हाय."

"मी जाऊ?" चारुशीलाबाईंनी विचारलं. तोवर त्यांचा एक पाय मोटारीत होता.

"जा तू. मी मागच्या मोटारीनं येतोच. मामा येतोय म्हणून सांग!"

मोटार गेली. तिच्याबरोबर बायको गेली, ट्रंक गेली, कोट गेला, फेटा गेला. उरला तो तुळजापूरच्या स्टँडवर मळका सदरा घातलेला एक मामा.

तुळजापूरचा एजंट बंडप्पा हा गुंडप्पाचा भाऊ निघाला. विष्णुपंत त्याच्या अंगावर धावून गेले.

"फिकर करू नका साहेब," बंडप्पा म्हणाला. "त्याचं असं हाय, मोटारीत जागा चाळीस असल्या तर आम्ही पंचेचाळीस लिहितो. पाच जण कधीच येत न्हाईत."

"आणि आले तर?"

"आजच आले बघा सगळे," बंडप्पा हताशपणं म्हणाला, जणू फसवणूक त्याचीच झाली होती. "पण तुमाला साडेनवाच्या मोटारीत चढवलं. हे बघा." आणि त्यानं लिहिलं : 'ईटकर – १'.

"ती येणेगूरला जाते ना?"

"नळदुर्गापर्यंत जाते. तिथं कनेक्शन हाय."

विष्णुपंतांनी डोळे मिटले. देवळाच्या दिशेनं हात जोडले. मुहूर्ताला अजून चार तास होते.

साडेनवाची मोटार पावणेदहाला निघून साडेदहाला नळदुर्गात पोचली आणि पुढच्या मोटारीत विष्णुपंतांना चक्क जागा मिळाली. खिडकीजवळची. ते बसले. घाम पुसला. आयुष्य वाटतं तितकं वाईट नाही असं त्यांना वाटायला लागलं होतं, एवढ्यात दारात एक ओळखीचा चेहरा आला. ओळखीचा म्हणजे गुंडप्पा-बंडप्पासारखाच. हा धोंडप्पा, तिसरा भाऊ.

"मंडळी, एक माणूस जादा झालंय," धोंडप्पा म्हणाला. "कुनी शाना माणूस खुशीनं उतरंल का?"

सगळे शहाणे खिडकीबाहेर बघायला लागले. विष्णुपंतांनी तर नळदुर्गचा किल्ला जन्मात कधी पाहिलाच नव्हता अशा नजरेनं बघायला सुरुवात केली.

"मग चार्टावर ज्याचं नाव शेवटी, त्यानं उतरायचं. ईटकर!"

"माझ्या भाचीचं लग्न आहे हो!" विष्णुपंत ओरडले. "मी मामा आहे!"

"तुमी सांगताव ते खरं, साहेब. पण कायदा हाय."

बावीस वर्षं कचेरीच्या खिडकीत बसून विष्णुपंतांनी लोकांना हेच ऐकवलं होतं. सात-बाऱ्यासाठी मुरूमहून चालत आलेल्या म्हाताऱ्यांना, रडणाऱ्या बायकांना. 'तुमचं खरं आहे, पण कायदा आहे.' या वाक्यापुढं माणूस किती लहान होतो, ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं. ते मुकाट्यानं उतरले.

"वाईट वाटून घेऊ नका," धोंडप्पानं त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. "समोरच्या हॉटेलात दाखवा. चहा अन् भजी कंपनीकडनं. विमानात असंच असतंय, गुंडप्पा सांगत होता. साडेअकराची मोटार तुमचीच."

भजी खाण्याची विष्णुपंतांची अजिबात इच्छा नव्हती. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि कढईचा वास रस्ता ओलांडून येत होता. शेवटी माणूस तो माणूस. (तिथंच त्याचं चुकतं.)

"पहिला घाणा संपला," हॉटेलवाला म्हणाला. "दुसरा काढतोय. बसा दोन मिन्टं."

दोन मिनिटांची दहा झाली. भजी ताटलीत पडली आणि विष्णुपंतांनी पहिलं भजं तोंडात टाकलं. ते इतकं कढत होतं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातून त्यांना रस्ता धूसर दिसला, आणि त्या धूसर रस्त्यावरून साडेअकराची मोटार सव्वाअकरालाच निघून जाताना दिसली. ते धावले. तोंडात कढत भजं असल्यामुळं 'थांबा' हा शब्द त्यांना उच्चारता येईना. "हाहा! हाहा!" असं ओरडत ते मोटारीमागं धावत होते. मागच्या खिडकीतल्या एका म्हातारीला वाटलं, हा माणूस आनंदात आहे. तिनंही हात हलवला.

रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर विष्णुपंत बसले. ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं शामली आली. चार वर्षांची असताना त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघणारी. 'मामा, मला नवरदेव घोड्यावरचा पायजे' म्हणणारी. ती आता गौरीहरापाशी हातात तांदूळ घेऊन बसली असेल आणि दाराकडं बघत असेल. आणि मामा कुठं आहे? मामा कंपनीच्या पैशानं भजी खातोय. विष्णुपंतांना आपली इतकी शरम कधीच वाटली नव्हती. खरं सांगायचं तर त्या दगडावर बसून ते थोडं रडलेसुद्धा.

बारा वाजता उमरग्याकडं जाणारी एक माललारी दिसली. विष्णुपंत रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. अंगावर घेतलीस तरी बेहत्तर, असा त्यांचा चेहरा होता. लारी थांबली.

"पुढं जागा न्हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"माहीत आहे!" विष्णुपंत किंचाळले आणि मागं ज्वारीच्या पोत्यांवर चढले.

जळकोट मागं पडलं. घड्याळात बारा चाळीस झाले. एकेचाळीसला आता मिनिटभरच उरलं. विष्णुपंत पोत्यांवर उठून उभे राहिले. एका फाटक्या पोत्यातून त्यांनी मूठभर ज्वारी घेतली, मुरूम साधारण ज्या दिशेला असेल तिकडं तोंड केलं आणि आठवेल तशी मंगलाष्टकं म्हणायला लागले. एक संपलं, दुसरं संपलं. शेवटी सगळा जीव एकवटून ते ओरडले, "शुभमंगल सावधान!"

'सावधान' ऐकताच ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

मामा पोत्यांवरून पोत्यांत गेले आणि अक्षता वराच्या नाही तर त्यांच्याच डोक्यावर पडल्या.

"काय आडवं आलं वो?" ड्रायव्हर घाबरून मागं आला.

"नशीब," ज्वारीतून आवाज आला.

येणेगूरला मुरूमची 'उभीच' असलेली मोटार अर्थातच गेलेली होती. पुढचा रस्ता त्यांनी थोडा चालत आणि थोडा कडब्याच्या बैलगाडीत बसून कापला. अडीच वाजता ते मुरूमच्या लग्नघरापाशी आले. वाजंत्री वाजत होती. म्हणजे लग्न लागलं होतं. म्हणजे मामावाचून लागलं होतं. विष्णुपंतांनी मांडवात डोकावलं आणि जागच्या जागी थिजले.

मांडवात त्यांचाच कोट उभा होता. त्यांचं जरीकाठी धोतर होतं, त्यांचा फेटाही होता. आणि या सगळ्याच्या आत बलभीम होता.

कुणीतरी त्यांना दंडाला धरून परसात ओढलं. सरोजिनी होती ती. मागोमाग नारायणराव.

"दादा, ओरडू नकोस," ती कुजबुजली. "तुझ्या पाया पडते."

"सरू, तो माणूस..."

"त्यांनीच अब्रू राखली रे आमची! साडेबारा झाले, गुरुजी ओरडायला लागले, 'मामा, मुलीला आणा.' मामा कुठला आणू? व्याही घड्याळ काढून बसलेले. त्यांची आत्या म्हणाली, मामा रुसला असेल, मुलीत काहीतरी खोट असणार. शामली रडायला लागली. हे बाबा वहिनींची ट्रंक खांद्यावर घेऊन आले होते, ओट्यावर ताक पीत बसले होते. वहिनींनीच ट्रंक उघडली."

"चारूनं?"

"म्हणाल्या, ईटकरच आहेत हे, खोटं कुठं आहे? आणि दादा, काय सांगू! शामलीचा हात धरून बोहल्यावर आले ना, तर घळाघळा रडत होते. त्यांना लेकबाळ नाही रे. सगळा मांडव रडला. व्याही म्हणाले, मामा असावा तर असा."

विष्णुपंत परसातल्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसले.

बलभीम परसात आला. व्याह्यांनी मानाचा म्हणून दिलेला शेला त्याच्या हातात होता. तो विष्णुपंतांपुढं वाकला. "साहेब, माफी करा. ह्यो मान तुमचा. पर आत्ता घिऊ नका. त्या मान्सास्नी कळलं तर पोरीला जल्मभर बोल लागंल."

हे इतकं खरं होतं की विष्णुपंतांना त्याचा रागसुद्धा येईना. त्यांनी शेला परत बलभीमच्या खांद्यावर टाकला. शामली पाया पडायला आली, तेव्हा तिनं मांडवाकडं एक नजर टाकली आणि हळूच म्हणाली, "मामा, पोत्यात पडला होतात का हो?" आणि त्यांच्या केसांतले ज्वारीचे दाणे एकेक करून वेचले. तेवढ्या मिनिटापुरतं विष्णुपंतांना बरं वाटलं.

मग त्यांना ओट्यावर पान वाढलं. पलीकडं मांडवात व्याही बाबूराव, एका बाजूला बलभीम आणि समोर चारुशीलाबाई, असे गप्पा मारत बसले होते. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तुळजाबाई पान चघळत होती. बाबूराव उठले आणि हातात लाडवाचं ताट घेऊन आग्रहाला ओट्यापर्यंत आले. मळक्या सदऱ्यातल्या या माणसाकडं त्यांनी निरखून बघितलं.

"हे कोण?"

सरोजिनीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "हे होय? हे... हे या तुळजाबाईंचे मालक."

तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

"असं, असं," बाबूराव म्हणाले. "उशीर झाला वाटतं यायला?"

"कनेक्शन चुकलं," विष्णुपंत घास गिळत म्हणाले.

"छे छे! मंगलकार्याला उशीर करू नये माणसानं. आता आमचे मामा बघा. तेही त्याच रस्त्यानं आले ना? मुहूर्ताला बरोबर हजर! शिकण्यासारखा माणूस आहे." बाबूरावांनी त्यांच्या पानात एक लाडू टाकला आणि आवाज खाली आणून आपुलकीनं म्हणाले, "राग मानू नका, वडीलकीच्या नात्यानं सांगतो. नवरा जबाबदार असला की संसार कसा होतो, ते त्या मामींच्या तोंडावरच बघा. किती समाधान आहे!"

विष्णुपंतांनी मान वर करून बघितलं.

खरंच होतं. त्यांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण चारुशीलाबाईंचा तसा चेहरा त्यांनी आजवर कधी पाहिला नव्हता.